हरवलेल्या किल्लीचा हिशोब

घराची किल्ली हरवली की माणसापुढे एकाच वेळी दोन निराळ्या अडचणी उभ्या राहतात, आणि घाईत त्या एकमेकींत मिसळून गेल्यामुळे पुढचे बरेचसे निर्णय चुकतात. पहिली अडचण घरात शिरण्याची असते व ती बहुधा तासाभरात सुटते. दुसरी अडचण ती किल्ली आता कोणाच्या हाती असेल ही, आणि तिची खरी सुरुवात दार उघडल्यानंतर होते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पदपथाच्या कडेला किंवा बाजाराच्या तोंडाशी लहानसे खोके मांडून बसणाऱ्या चावीवाल्याकडे या दोन्ही अडचणी घेऊन माणसे सतत येत असतात, आणि या कामात वर्षे घालवलेल्या कारागिरांचा अनुभव घराच्या सुरक्षिततेविषयीच्या रूढ समजुतींना अनेक ठिकाणी छेद देतो. हा अनुभव सहसा लिहून ठेवला जात नाही, कारण ज्यांच्याजवळ तो आहे त्यांचा दिवस कानस आणि वाइस यांच्यात जातो, व ज्यांना लिहिण्याची सवय आहे त्यांची चावीवाल्याशी गाठ अडचणीच्या रात्रीच पडते.

रात्री-अपरात्री येणाऱ्या बोलावण्यांपैकी बऱ्याच बोलावण्यांत किल्ली मुळात हरवलेलीच नसते. शहरी सदनिकांच्या दाराला बसवलेले लॅच, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारी तिरपी जीभ असलेले कुलूप, दार ओढताच आपोआप लागते. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला किंवा दुधाची पिशवी घ्यायला माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो, वाऱ्याच्या झोताने दार मागे लागते, आणि किल्ली आतल्या खुंटीवर राहते. गॅसवर दूध ठेवलेले असेल, पाळण्यात मूल असेल किंवा स्मृती क्षीण झालेली एखादी वृद्ध व्यक्ती आत एकटी असेल, तर हा प्रसंग सुरक्षिततेचा न राहता जीविताचा होतो. अशा वेळी चावीवाल्याचा शोध घेत बसण्यापेक्षा १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवणे योग्य ठरते. अशा प्रसंगी दलाचे जवान गॅलरीतून किंवा खिडकीतून आत शिरून दार उघडून देतात. अनुभवी चावीवालेही फोनवर पहिला प्रश्न आत कोणी आहे का, हाच विचारतात. उत्तर होकारार्थी आले आणि आपल्याला पोहोचायला वेळ लागणार असला तर ते स्वतःच अग्निशमन दलाला बोलवायला सांगतात.

दुसरा प्रश्न घर कोणाचे, हा असतो, आणि या प्रश्नावर या व्यवसायाची सगळी नीती उभी आहे. दाराबाहेर उभा असलेला माणूस घरमालक आहे, भाडेकरू आहे, घटस्फोटाच्या वादात घराबाहेर काढलेला नवरा आहे, की मोलकरणीकडून घराची माहिती काढून आलेला चोर आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. ज्याची कागदपत्रे कुलपाच्या आत अडकली आहेत त्याच्याकडून कागदपत्रांची अपेक्षा धरणेही व्यवहार्य नसते. त्यामुळे चावीवाले एक साधी पद्धत पाळतात: शेजाऱ्याला किंवा सोसायटीच्या रखवालदाराला समोर उभे करायचे, त्याने ओळख पटवली तरच हत्यार काढायचे, आणि दार उघडल्यावर निघण्यापूर्वी पत्त्याचे वीजबिल किंवा आधार कार्ड पाहून घ्यायचे. ही पद्धत न पाळणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे पाळणाऱ्यांवरही संशय घेतला जातो. परंतु ज्याला त्याच बाजारपेठेत पुढची वीस वर्षे बसायचे आहे त्याला आपले नाव एका रात्रीच्या मजुरीपेक्षा महाग वाटते.

हरवलेल्या किल्लीची जागा घेणारी नवी किल्ली कशी घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कुलपाची ताकद आणि त्याची मर्यादा ही दोन्ही तेथे एकत्र दिसतात. नमुना म्हणून जुनी किल्ली हाती नसते तेव्हा कारागीर कोरी चावी, म्हणजे दाते न पाडलेला पितळी तुकडा, घेतो, तिची धार बारीक कानशीने घासून चकचकीत करतो, ती कुलपात घालून हलक्या हाताने दोन्ही बाजूंना पिळतो आणि बाहेर काढून उजेडात तिरपी धरतो. कुलपातली जी पिन अडलेली असते तिचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका धातूवर उमटतो. नेमक्या त्याच जागी कानशीचे एक-दोन हात मारले जातात, किल्ली पुन्हा आत जाते, पुन्हा बाहेर येते. एखाद्या जागी ठिपका उमटायचा थांबला की ती पिन आपल्या उंचीला आली असे समजायचे व त्या जागेला पुन्हा कानस लावायची नाही. डोळा आणि मनगट दोन्ही शांत असावे लागतात. एक हात जास्त पडला तर सगळा तुकडा वाया जातो. दारात खोळंबलेल्या कुटुंबाची घालमेल शेजारी चालू असताना हे काम करायचे असल्यामुळे, उतावळा मनुष्य या धंद्यात फार काळ टिकत नाही.

या कृतीमागचे तत्त्व असे की पिनांच्या कुलपात एक फिरणारा दंडगोल असतो, आणि वरून स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या त्याला अडवून धरतात. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक जोडीचा सांधा दंडगोलाच्या कडेशी बरोबर जुळतो व तो फिरायला मोकळा होतो. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांतही पडत्या खुंट्यांचे हेच तत्त्व वापरलेले होते. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, १८६१ सालच्या एकस्वापासून, त्याला आजचे आटोपशीर रूप दिले. आपल्याकडच्या जाड टाळ्यांचे तत्त्व निराळे आहे. त्यांत लिव्हर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या, असतात. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच बोल्टला सरकायला वाट मिळते. टाळ्यावर कोरलेला सात किंवा आठ हा आकडा या पट्ट्यांचा असतो.

पाच पिना आणि प्रत्येक पिनेच्या सहा शक्य उंच्या धरल्या तर हिशोबाने ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्ष उत्पादनात काही जुळण्या टाळाव्या लागतात, म्हणून वापरात येणारी संख्या त्याहून कमी असते. तरीही या आकड्यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. रस्त्यावर पडलेली एकटी किल्ली ज्याला सापडते त्याच्या दृष्टीने ती जवळजवळ निरुपयोगी असते, कारण लाखो दारांच्या शहरात ती कोणत्या दाराची आहे हे तिच्यावर कोठेच लिहिलेले नसते. धोका निर्माण होतो तो किल्ली आणि पत्ता एकाच जागी हरवतात तेव्हा: पर्समध्ये आधार कार्डाशेजारी ठेवलेली किल्ली, सोसायटीचे नाव व सदनिकेचा क्रमांक छापलेला बिल्ला अडकवलेला जुडगा, किंवा वाहन परवान्यासह गेलेली बॅग. म्हणून किल्ली हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला जाणता कारागीर आधी तिच्याबरोबर आणखी काय गेले, असे विचारतो, आणि उत्तरात पत्त्याचा कागद निघाला तर नवी किल्ली घडवण्याचे काम बाजूला ठेवून कुलूपच बदलायला सांगतो. जुन्याच कुलपाला दुसरी किल्ली करून दिल्यास चावीवाल्याची मजुरी सुटते आणि गिऱ्हाइकाला दिलासा मिळतो, पण हरवलेली किल्ली पूर्वीसारखीच चालत राहते. ही गोष्ट इतकी उघड असूनही गिऱ्हाईक ती ऐकून घ्यायला तयार नसते, कारण दार उघडल्याबरोबर त्याची भीती ओसरलेली असते.

कायद्याने या प्रसंगाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ४४५ व्या कलमाखाली घरफोडीची जी उदाहरणे दिली होती, त्यांत एकाची हरवलेली किल्ली दुसऱ्याला सापडते आणि तिने दार उघडून तो अनधिकाराने घरात शिरतो, असे एक उदाहरण होते, आणि ती घरफोडीच होय असे तेथे स्पष्ट म्हटले होते. दाराच्या छिद्रातून तार घालून खिटी उचलणाऱ्याचेही उदाहरण शेजारीच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात ही व्याख्या कायम आहे. याचा अर्थ असा की काहीही न तोडता खऱ्या किल्लीने केलेला अनधिकृत प्रवेशही कायद्याच्या दृष्टीने घरफोडीच ठरतो, आणि दाराची मोडतोड झाली नाही म्हणून तक्रार नोंदवायला संकोच करण्याचे कारण नाही. पत्त्यासह किल्ली हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद वेळीच करून ठेवणेही शहाणपणाचे असते; पुढे काही घडलेच तर किल्ली केव्हापासून आपल्या हाती नव्हती याचा लेखी पुरावा त्यातून मिळतो.

या कामाच्या अनुभवातून निघणारा सर्वांत गंभीर निष्कर्ष मात्र हरवलेल्या किल्लीचा नसून न हरवलेल्या किल्ल्यांचा आहे. जी एक किल्ली सापडत नाही तिच्या चिंतेने घरातली माणसे रात्रभर जागी राहतात. पण त्याच कुलपाच्या आणखी किती किल्ल्या बाहेर आहेत, असे विचारल्यावर त्यांना आठवायला वेळ लागतो. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर दिल्या जाणाऱ्या सदनिकांत एकामागून एक भाडेकरू येऊन गेलेले असतात, मध्यस्थाकडे घर दाखवण्यासाठी एक किल्ली असते, रंगाऱ्याला दिलेली परत आली की नाही हे कोणाला ठाऊक नसते, आणि सिलिंडर, म्हणजे पिना बसवलेला तो दंडगोलाचा संच, पहिल्या दिवसापासून तोच असतो. नव्या घराचा ताबा घेतानाही हीच स्थिती असते. फरश्या, नळ, वीज आणि फर्निचर यांची कामे चालू असताना महिनोन्महिने दार अनेकांच्या हाती राहते, आणि गृहप्रवेशाची पूजा त्याच कुलपाच्या साक्षीने होते. यांतल्या कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यावी असे नाही. कष्टकरी माणसांवर सरसकट संशय घेणे अन्यायाचे आहे, आणि बहुतेक घरांच्या किल्ल्या वर्षानुवर्षे कामाला येणाऱ्या बायकांजवळ सुखरूप राहतात. मुद्दा नोंदीचा आहे. आपल्या घराची किल्ली कोणाकोणाकडे आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला एक किल्ली हरवल्याने नेमके काय बिघडले हेही ठरवता येत नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. पिनांच्या कुलपात संपूर्ण कुलूप न बदलता नुसता सिलिंडर बदलता येतो, किंवा आतल्या पिनांची जुळणी बदलून नवी किल्ली करता येते. लिव्हरच्या काही टाळ्यांत पट्ट्यांचा क्रम बदलला तरी जुनी किल्ली निकामी होते, आणि जुन्या पिढीचे कारागीर हे काम हौसेने करतात. भाडेकरू बदलला, घराचे मोठे काम संपले किंवा घराचा ताबा मिळाला, की सिलिंडर बदलून घेणे ही घरमालकांची सवय व्हायला हवी. आज ती नाही, आणि ती नसण्याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

कुलपाविषयीची दुसरी भीती, म्हणजे कोणीतरी हातचलाखीने ते उघडेल ही, प्रत्यक्षात बरीच कमी महत्त्वाची आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने त्या काळी अभेद्य मानले गेलेले चब कंपनीचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखवले, तर जोसेफ ब्रामा यांच्या कुलपासाठी त्याला सोळा दिवसांत विभागून पन्नासहून अधिक तास लागले. न उघडणारे कुलूप नसते, आणि चांगले कुलूप चोराचा वेळ खाते, हे त्या प्रसंगाने जगाला कळले. परंतु घरफोड्याजवळ पन्नास तास नसतात आणि पंचवीस मिनिटेही नसतात. मराठी वृत्तपत्रांतल्या घरफोडीच्या बातम्या ओळीने वाचल्या तर बंद घराचा कडीकोयंडा तोडून, कटावणीने दार उचकटून, गॅलरीच्या दारातून किंवा खिडकीचे गज कापून, अशीच वर्णने पुन्हा पुन्हा येतात. आठ लिव्हरचे भक्कम टाळे पातळ पत्र्याच्या कोयंड्यात अडकवलेले असते आणि तो कोयंडा चार आखूड स्क्रूंनी मऊ लाकडात बसवलेला असतो. कटावणीचा एक झटका बसला की टाळे न उघडता कोयंड्यासकट खाली येते. चोरीनंतर दुरुस्तीला बोलावलेल्या चावीवाल्याला हे टाळे जमिनीवर शाबूत पडलेले दिसते, आणि घरमालक त्याच वेळी आणखी महागडे टाळे कोणते घ्यावे असे विचारत असतो. खर्च करायचा तर तो चौकटीवर, लांब स्क्रूंवर, बिजागऱ्यांवर आणि सेफ्टी डोअरवर आधी करावा, असे कारागीर सांगतात, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. बाहेरून दिसणारे टाळे घरात कोणी नसल्याचे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दाराच्या जाडीत बसवलेले, दोन-तीन वेढ्यांनी लागणारे कुलूप ते सांगत नाही. लॅचसुद्धा नुसते ओढून न घेता किल्लीने वेढा देऊन बंद केले तरच त्याची जीभ पक्की होते.

कुलपाचे हे महत्त्व आपल्याकडे फार जुने नाही. वाड्याच्या दाराला आतून आडणा, म्हणजे भिंतीतल्या खोबणीतून ओढून आडवा लावायचा जाड लाकडी दांडा, असे. तो घरात माणूस असतानाच लावता येतो, आणि एकत्र कुटुंबाच्या वाड्यात माणूस नाही अशी वेळ क्वचितच येई. कुलूप हे रिकाम्या घराचे साधन आहे, आणि घरे दिवसभर रिकामी राहू लागली ती नोकरीच्या शहरांत. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि लोक घरे बंद करून शहराबाहेर गेले; पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, अर्देशीर गोदरेज यांनी लालबागेत कुलपांचा कारखाना सुरू केला. या दोन घटनांचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल, कारण गोदरेज यांचे लक्ष घरफोड्यांच्या बातम्यांनी कुलपांकडे वळवले असे सांगितले जाते. पण बंद घरांचे शहर ही दोन्हींची पार्श्वभूमी होती. चाळीत मात्र त्यानंतरही कितीतरी दशके दारे दिवसभर उघडी राहिली, कारण सामाईक गॅलरीत येणारा प्रत्येक अनोळखी माणूस दहा घरांच्या नजरेखालून जात असे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात असलेल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा श्रद्धेवर उभी आहे. तेथे युको बँकेने २०११ मध्ये कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा रोकड व कागदपत्रे जपण्याची व्यवस्था तिलाही करावी लागली.

शेजाऱ्याकडे जादा किल्ली ठेवण्याची जुनी रीत या दृष्टीने आजही सर्वांत विश्वासाची आहे, आणि ती मोडत चालली आहे याचे वाईट वाटते. तिच्या जागी पायपुसण्याखाली, कुंडीत, मीटरच्या पेटीवर किंवा चपलांच्या कपाटात किल्ली ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे तो सुरक्षित नाही, कारण या जागा चोराला घरमालकाइतक्याच माहीत असतात. अंकी कुलपे, म्हणजे आकड्यांच्या संकेतावर किंवा बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपे, किल्ली हरवण्याचा प्रश्न सोडवतात. मात्र त्यांची बॅटरी संपते, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे त्यांना नेहमी ओळखता येत नाहीत, आणि संकेत मोलकरणीपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना सांगितला की किल्ल्या वाटल्यासारखेच होते. त्यांच्याबरोबर मिळणारी धातूची किल्ली घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवलेली असावी लागते. ती आतल्या कपाटात असेल तर बॅटरी संपल्याच्या दिवशी पुन्हा चावीवालाच शोधावा लागतो.

राहिला प्रश्न चावीवाला निवडण्याचा. गल्लीतून ओरडत जाणाऱ्या अनोळखी माणसाला लोखंडी कपाटाच्या लॉकरची किल्ली करायला घरात घेतले, त्याने तेल किंवा पाणी आणायच्या निमित्ताने घरातल्यांना आत पाठवले आणि दागिने नाहीसे झाले, अशा फिर्यादी अनेक शहरांत नोंदल्या गेल्या आहेत. या प्रकारांनी दुकान मांडून प्रामाणिकपणे बसलेल्या कारागिरांचे मोठे नुकसान केले आहे. लॉकरचे काम शक्यतो कपाट रिकामे करून, आणि घरातले कोणीतरी शेवटपर्यंत समोर बसून करवून घ्यावे. कारागीर सच्चा असेल तर तोच तसे सुचवतो. ज्याचे बसण्याचे ठिकाण परिसराला ठाऊक आहे अशा चावीवाल्याचा क्रमांक अडचण येण्याआधीच घरातल्या प्रत्येकाजवळ असावा. आणि अशा चावीवाल्याने दारात उभे राहून घर कोणाचे, शेजारी कोण, ओळख काय असे विचारले, तर रात्र कितीही झाली असली तरी त्याच्यावर चिडू नये. शेजाऱ्याला हाक मारावी, विचारील ते दाखवावे, आणि मगच त्याला कुलपाला हात लावू द्यावा.